दातांचे डॉक्टर आणि प्लॅस्टिकचं विमान

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला नव्या विमानाचा खोका दाखवला आणि विचारलं, "आजी, ग्लू किती लावायचा?" ज्यांनी मला हे शिकवलं, त्यांनी गोंदाच्या बाटलीला हात लावू देण्याआधी अख्खा हिवाळा जाऊ दिला होता. ते उत्तर फोनवर कसं देऊ? त्यातच थोरला मागून ओरडला, "आजी, बाबा म्हणतात तू अमरावतीला बक्षीस जिंकलीस!" बक्षीस नव्हतंच. तुमचे बाबा गोष्ट चांगली सांगतात, पण त्यात भर घालतात.

म्हणून हे लिहिते आहे. शुद्धलेखन मी तपासलं आहे. तुमच्या शनिवारच्या मराठी शाळेतल्या बाईंना दाखवायला हरकत नाही. मात्र डॉक्टरांचं आणि इथल्या माणसांचं बोलणं मी वऱ्हाडीत, जसंच्या तसं ठेवलं आहे. ते बाईंनी लाल शाईने दुरुस्त करू नये.

ते दातांचे डॉक्टर होते. अकोल्यात आमच्या मागच्या गल्लीत त्यांचा दवाखाना आणि दवाखान्याच्या मागे घर. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाटी उतरवली, पण खुर्ची ठेवली. दात काढायची ती मोठी, मागे झुकणारी खुर्ची. तिच्यावर ते स्वतः आडवे होऊन पेपर वाचत. रुग्णाच्या तोंडावर पडणारा दिवा आता मॉडेलवर पडे. ड्रिलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर आता एअरब्रशला, म्हणजे रंग फवारायच्या पेनाएवढ्या पिचकारीला, हवा पुरवी. तो घुर्रकन सुरू झाला की आमच्यातल्या प्रत्येकाचा हात आपोआप गालावर जाई. आम्हा सगळ्यांचेच दात कधी ना कधी त्यांनी काढलेले होते.

"आमच्यातल्या" म्हणजे रविवारच्या वर्गातल्या. अकोटहून एसटीने येणारे, कापसाच्या जिनिंग कारखान्याचे एक मॅनेजर, औषधांचं दुकान चालवणारी एक तरतरीत बाई, आणि मी. एवढाच वर्ग. डॉक्टरांच्या अंगाला अजून लवंगेच्या तेलाचा वास येई. नव्या मॉडेलचा खोका उघडताना ते सवयीने म्हणत, "आ करा."

प्लॅस्टिकचं मॉडेल म्हणजे काय, हे थोरल्याला माहीत आहे, पण धाकटीसाठी सांगते. खऱ्या विमानाचे, जहाजाचे, गाडीचे सगळे भाग लहान प्रमाणात बनवलेले असतात आणि ते प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले येतात. ते सुटे करायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. वाचायला हे एक वाक्य आहे. डॉक्टरांकडे ते एक वर्षभर चाले.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला भांडी घासायला लावली. म्हणजे त्या चौकटी साबणाच्या कोमट पाण्यात धुवायला. कारखान्यात साच्यातून प्लॅस्टिक सुटावं म्हणून तेल लावतात. ते राहिलं तर रंग धरत नाही. जिनिंगचे मॅनेजर कुरकुरले, "डॉक्टर, घरी मी कपबशी उचलत नाई, अन इथं..."

"म्हनून तं घरी तुमाले कोनी विमान देत नाई," डॉक्टर म्हणाले.

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला. आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू. "ऐका ऐका! हे सोता तीस वर्सात एक चमचा धुतला असंल तं सांगा!"

दुसरा धडा, सुटे करण्याचा. चौकटीला धरून भाग पिळून काढायचा मोह सगळ्यांना होतो. डॉक्टरांना ते पाहवत नसे. "उपटू नका! दात हाय का तो? अन दात असला तरी असा उपटते का कोनी?" बारीक कटरने भागापासून थोडं लांब कापायचं, मग उरलेला कोंब ब्लेडने आणि बारीक पॉलिशपेपरने हळूहळू काढायचा. सांधा जुळला की नाही हे ते डोळे मिटून, अंगठ्याचं नख फिरवून पाहत. नख अडलं तर भाग परत. माझा पहिला पंख त्यांनी किती वेळा परत केला, ते मोजायचं मी सोडून दिलं. घाई करणाऱ्याला त्यांचं एकच उत्तर असे. "घाई असंल तं रिक्षा करा, चौकातून लगेच भेटते."

त्यांचा सगळ्यात विचित्र नियम बंदुकांचा. लढाऊ विमान असो, रणगाडा असो, त्याच्या बंदुका ते बसवू देत नसत. त्या कापून एका काचेच्या बरणीत टाकायच्या. त्या बरणीत पूर्वी कवळ्यांचे नमुने असत. औषधवाल्या बाईंनी एकदा विचारलंच, "डॉक्टर, बिनबंदुकीचं लढाऊ विमान कसं दिसंल?"

"हलकं," ते म्हणाले. "तुमच्या शोकेसात कोन हल्ला करून राह्यलं, म्हनून बंदूक पायजे?"

दवाखान्याच्या कोपऱ्यात बुद्धाची एक लहानशी मूर्ती होती आणि बरणी तिच्या खालच्या फळीवर. दोन्हींचा संबंध त्यांनी कधी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

आता मी त्यांच्याकडे कशी पोचले ते सांगते, कारण मला विमानांची हौस मुळीच नव्हती. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. माझ्या हाताने पेन आणि खडू यांशिवाय काही धरलं नव्हतं.

तुम्ही दोघं इथे येऊन गेलात, त्या वर्षीची ही गोष्ट. पावसाळ्याच्या शेवटी मी अंगणात घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, पण बोटं जुळेनात. बटण लागेना. पोळी लाटता येईना. सही अशी येई की बँकेतली मुलगी दोनदा माझ्या तोंडाकडे बघे. फिजिओथेरपिस्टने दाबायला एक रबरी बॉल दिला. तो मी घड्याळ लावून दाबत असे आणि बोटं होती तशीच राहत.

तुमचे बाबा तिकडून रोज फोन करीत. एक दिवस ते शांतपणे म्हणाले, "आई, तू एकटी नको राहूस. पुण्यात ज्येष्ठांसाठी चांगली सोसायटी आहे, चोवीस तास माणूस असतो. मी मे महिन्यात येतो, तेव्हा घराचं ठरवू." ते काळजीपोटीच बोलत होते. पण "घराचं ठरवू" या शब्दांनंतर मी जेवले नाही. या घरात मी चाळीस वर्षं राहिले आहे. इथली दूधवाली मला नावाने ओळखते. पुण्यात मी एका खोलीचा नंबर झाले असते.

त्याच आठवड्यात भर दुपारी मी बाजारातून आले आणि मला कुलूप उघडेना. किल्ली धरली की बोटं थरथरत आणि किल्ली खाली पडे. डॉक्टर रस्त्याने चालले होते. त्यांनी किल्ली उचलली, कुलूप उघडलं, आणि मग माझा हात हातात घेऊन, ते पूर्वी दात बघत तसा, उजेडाकडे वळवून बघितला.

"म्याडम, हा हात दुखून नाई राह्यला. हा भेऊन राह्यला."

"फिजिओ चालू आहे, डॉक्टरसाहेब. बॉल दाबते रोज."

"बॉल दाबून हात शूर होत नाई. बॉलले काई झालं तं तुमाले फरक पडते का? नाई पडत. हाताले असं काम द्या, की चुकलं तं जीव हळहळला पायजे. घरात काई बारीक काम हाय?"

मी नाही म्हणणार होते. मग मला तुमचा खोका आठवला. तुम्ही सुट्टीत उघडून, दोन भाग पिळून तोडून, पलंगाखाली सोडून गेलेला एका इंजिनाच्या जुन्या विमानाचा खोका. मी तो काढून आणला. त्यांनी झाकण उघडलं, "आ करा" म्हणाले, आणि आत बघून खूश झाले. "नातवायनं दोन दात तोडून ठेवले. रविवारी घेऊन या."

तर असा मी वर्गात प्रवेश घेतला.

हिवाळाभर मी फक्त कापलं, घासलं आणि कोरडं जोडून पाहिलं. कोरडं म्हणजे गोंद न लावता, बोटांनी धरून. सुरुवातीला भाग माझ्या हातून उडून खुर्चीखाली जात आणि आम्ही सगळे ओणवे होऊन शोधत असू. डॉक्टर शोधत नसत. ते वरून सूचना देत. "डावीकडे. अजून डावीकडे. मॅनेजरसाहेब, तो शर्टाचा बटन हाय तुमचा." संक्रांतीच्या सुमारास एक दिवस माझ्या लक्षात आलं, की मी चिमट्याने पायलटची सीट, मुगाच्या दोन दाण्यांएवढी, जागेवर बसवली होती आणि हात थरथरला नव्हता. मी वर बघितलं. डॉक्टर पेपर वाचत होते. पेपरामागून म्हणाले, "पाह्यलं मी. आता गोंद घ्या."

धाकटे, हे तुझं उत्तर. हा गोंद कागदाच्या गोंदासारखा चिकटवत नाही. तो प्लॅस्टिकला विरघळवतो आणि दोन भागांचा एक भाग करतो. म्हणून आधी दोन्ही भाग घट्ट धरायचे, मग ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं. गोंद आपणहून फटीत पळतो. डॉक्टरांच्या शब्दांत, "गोंद दिसला म्हंजे जास्त झाला."

उन्हाळा लागेपर्यंत विमान उभं राहिलं. फटी भरल्या, अस्तराचा रंग दिला, वरून हिरवा आणि मातकट, पोटाला फिका निळा. पाण्यात भिजवून चिन्हं चिकटवली. मे महिन्यात अमरावतीला एका शाळेच्या सभागृहात छंदांचं प्रदर्शन होतं. पोस्टाची तिकिटं, नाणी, मॉडेल्स, असं सगळं. डॉक्टरांनी परस्पर माझं नाव देऊन टाकलं. "तुमचा पोरगा शनिवारी येते नं? रविवारी त्याले अमरावतीले आना. घरी बसून हात दाखवान तं थो नाडी पाहीन. थितं दाखवा."

शुक्रवारी फक्त शेवटचा थर राहिला होता, सगळ्यावरून मारायचा पारदर्शक लॅकर. त्याने रंग आणि चिन्हं टिकतात. तो मी घरी मारणार होते. स्प्रेच्या डब्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलं होतं की हवेशीर जागी फवारावे. मी सूचना दोनदा वाचल्या. बाहेर ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशा दिवशी अकोल्याच्या घरात हवेशीर जागा एकच असते. मी टेबल ओढून कूलरसमोर नेलं, कूलर जोरात लावला, आणि त्या गार, वाळ्याच्या सुगंधी वाऱ्यात अगदी नियमानुसार लॅकर फवारलं.

माझ्या डोळ्यांदेखत विमान पांढरं पडलं. दुधात बुडवून काढल्यासारखं. हिरवा गेला, मातकट गेला, चिन्हं धुक्यात गेली.

विमान पांढरं पडल्याचं मी फोनवर सांगितलं, तसे डॉक्टर डोक्याला दुपट्टा गुंडाळून तसल्या उन्हात आले. त्यांनी विमान बघितलं, कूलर बघितला, आणि भिंतीला टेकून हसायला लागले. "कूलर! म्याडम, तुमी विमानाले वाळ्याचं पानी पाजलं!" मग त्यांनी समजावलं. कूलरची हवा ओली. लॅकर वाळताना थंड होतं, त्यावर ती ओल बसते आणि आत अडकते. तेच पांढरं.

"गेलं का मग सगळं?"

"काहून जाईन? ओल हाय, बाहेर काढू. कूलर बंद करा. खिडक्या लावा. फॅन बी बंद."

"आत्ता? डॉक्टर, मे महिना आहे!"

"म्हनून तं! असं कोरडं ऊन पुन्यावाल्याले पैसे देऊन भेटत नाई."

ती दुपार मी विसरणार नाही. खोली तव्यासारखी तापली. डॉक्टर दुपट्ट्याने घाम पुसत स्टुलावर, मी ओला रुमाल मानेवर घेऊन विमानासमोर. हवा पुरेशी कोरडी झाल्यावर त्यांनी लॅकर पुन्हा सैल करून ओल बाहेर सोडणारं, संथ वाळणारं थिनर एअरब्रशमध्ये भरलं. कॉम्प्रेसर ते सायकलरिक्षावर घालून घेऊन आले होते. मी म्हटलं, "तुम्हीच मारा, माझ्याच्याने आता होणार नाही." उद्या तुमचे बाबा येणार होते आणि माझं बोट चाप दाबायच्या आधीच लटलटत होतं.

त्यांनी हात पाठीमागे बांधले. "मी मारतो. मंग उद्या पोराले माहा हात दाखवजा. त्याले सांगजा, आई हितंच राहीन, या बुढ्याचा हात चांगला हाय."

मला राग आला. खरं सांगते, राग आला म्हणून हात स्थिर झाला. मी लांबून, हलक्या धुक्यासारखं थिनर मारलं. काही झालं नाही. पुन्हा मारलं. मग पंखाच्या टोकाकडून धुकं हटायला लागलं. आधी हिरवा दिसला, मग मातकट, मग चिन्हाची कड. नाकाच्या टोकावरचा शेवटचा पांढरा ठिपका गेला, तेव्हा डॉक्टर उठले, खिडकी उघडली आणि म्हणाले, "कूलर लावा आता. बुढा मरून राह्यला."

रविवारी आम्ही तिघं, डॉक्टर, तुमचे बाबा आणि मी, एसटीने अमरावतीला निघालो. विमान मिठाईच्या खोक्यात, खोका माझ्या मांडीवर. तुमचे बाबा सारखे म्हणत, "आई, दे मी धरतो," आणि डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणत, "धरू द्या त्यायले."

सभागृहात मी खोका उघडला. मूर्तिजापूरच्या पुढच्या खड्ड्यांनी काम केलं होतं. कॉकपिटमागच्या खांबापासून शेपटीपर्यंत ताणलेली रेडिओची तार, केसाएवढी बारीक, तुटून गेली होती.

"तार तुटली," मी म्हटलं.

"चांगलं झालं," डॉक्टर म्हणाले. खिशातून त्यांनी मेणबत्ती, काडेपेटी आणि चौकटीचा एक उरलेला तुकडा काढला. "करा नवी."

ही तार विकत मिळत नाही. चौकटीचा तुकडा ज्योतीच्या वर धरायचा. मऊ पडला की ज्योतीपासून दूर घेऊन दोन्ही हातांनी ओढायचा. हात हलला तर जाड होते, घाई केली तर तुटते. मी मेणबत्ती पेटवली आणि ती विझली. वर पंखे फिरत होते.

डॉक्टर खुर्चीवर चढले. "फॅन बंद करा!"

मे महिन्यात, अमरावतीत, भरल्या सभागृहात. पंखे थांबले आणि एकच गलका झाला. तिकिटांच्या टेबलावरचे एक गृहस्थ ओरडले, "काहून बंद केला हो फॅन? जीव घेता का?"

"आपरेशन चालू हाय!" डॉक्टरांनी वरूनच सांगितलं. "मधात बोलू नका."

मग माणसं जमली. शर्ट अंगाला चिकटलेले, प्रदर्शनाच्या पत्रकांनी वारा घेणारे लोक माझ्या टेबलाभोवती उभे राहिले. तुमचे बाबा माझ्या अगदी समोर होते. त्यांचं लक्ष विमानाकडे नव्हतं, माझ्या बोटांकडे होतं. पहिली तार जाड झाली. कोणीतरी च्‌च्‌ केलं. दुसरी मध्येच तुटली. तिसऱ्या वेळी प्लॅस्टिक मऊ पडलेलं मला बोटांत कळलं, डोळ्यांना दिसायच्या आधी, आणि मी ओढलं. दोन्ही हातांच्या मध्ये केसासारखी एक रेघ हवेत तरंगत राहिली.

चिमट्याने एक टोक खांबाला, एक टोक शेपटीला. गोंदाचा नुसता स्पर्श. तार अजून ढिली होती, पोट सुटल्यासारखी. डॉक्टरांनी खुर्चीवरूनच वाकून अगरबत्ती पेटवून दिली. तिचं निखाऱ्याचं टोक तारेखाली जवळ न्यायचं, टेकवायचं नाही. टेकलं तर सगळं वितळलं. मी नेलं. तार हळूच आखडली आणि सरळ झाली. माझा हात हलला नाही.

सभागृहात टाळ्या वाजल्या. तिकिटवाल्या गृहस्थांनी सगळ्यात मोठ्याने वाजवल्या. जवळ येऊन त्यांनी विमान निरखलं आणि विचारलं, "पन याच्या बंदुका कुठं हायत?"

"बरनीत," डॉक्टर म्हणाले.

तुमचे बाबा टेबलाला वळसा घालून आले, माझा उजवा हात त्यांनी हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग म्हणाले, "आई, पुण्याचं राहू दे."

"काय म्हणालास?" मला नीट ऐकू आलं होतं. पण ते सगळ्यांसमोर पुन्हा ऐकायचं होतं.

"पुण्याचं राहू दे म्हटलं. तू अकोल्यातच राहा."

डॉक्टर खुर्चीवरून खाली उतरले. "लावा रे फॅन," ते म्हणाले.

बक्षीस अमरावतीच्याच एका काडेपेट्यांच्या संग्रहाला मिळालं, आणि ते योग्यच होतं. परत येताना बसमध्ये विमान तुमच्या बाबांच्या मांडीवर होतं. मी झोपले.

गंमत अशी, की शेवटी पुण्याला गेले ते डॉक्टर. वहिनींचे गुडघे फार दुखायला लागले, मुलीने दोघांना तिकडे नेलं. ते अधूनमधून फोन करतात आणि पहिलं वाक्य नेहमी तक्रारीचं असतं. "म्याडम, हितं हवा ओली हाय. लॅकर मारताच येत नाई. मानसं कशी राह्यतात इथं?" मागून वहिनी म्हणतात, "यायले म्हना, राह्यतात तशीच राह्यतात!"

तुमचं विमान दिवाणखान्यातल्या कपाटात आहे. पुढच्या वेळी याल तेव्हा बघा, पण डॉक्टरांसारखं डाव्या पंखावरून नख फिरवू नका, तिथे अजून थोडं अडतं. खुर्ची एका नव्या दंतवैद्याने नेली. कॉम्प्रेसर माझ्या जेवणघरात आला आहे. वर्ग दर रविवारी सकाळी माझ्या जेवणाच्या टेबलावर भरतो. मॅनेजरसाहेब अजून अकोटहून येतात, औषधवाल्या बाई येतात, आणि नवी माणसंही आली आहेत. शिकवते मी.

तुमची आजी